शोध कसा लागला: शास्त्रज्ञाला विचारायचं की त्याच्या वहीला? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

काचपट्टी
शास्त्रज्ञांच्या लांबलचक मुलाखती ऐकायला मजा येते. बालपण, गुरू, प्रयोगशाळेतली भांडणं, मग 'तो' दिवस. पण शोध नेमका कसा लागला याचा पुरावा म्हणून त्या चालवू नयेत, असं माझं मत आहे. पुरावा म्हणजे तारीखवार प्रयोगवही. आठवण ही फार तर पुरवणी.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचं घ्या. पाठ झालेली गोष्ट अशी: स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या वसाहती वाढलेल्या पेट्री डिशमध्ये खिडकीतून बुरशीचा बीजाणू येऊन पडला आणि आजूबाजूच्या वसाहती विरघळल्या. या क्रमाने करून पाहा, जमत नाही. जिवाणू वाढत असताना त्याची पेशीभित्ती बांधली जाते, ते बांधकाम या बुरशीतून झिरपणारं पेनिसिलिन अडवतं. वाढून बसलेल्या वसाहतीचं ते फारसं काही वाकडं करत नाही. म्हणजे बुरशी आधी वाढायला हवी, जिवाणू मागून. रोनाल्ड हेअरने लंडनच्या तापमानाच्या नोंदी काढून हे जुळवलं. १९२८च्या जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गारवा होता. २० अंशांच्या आसपास बुरशीला बरं वाटतं, ती पुढे निघाली. मग उष्मा वाढला आणि जिवाणू उठले. डिश ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली असती तर बुरशीचा नंबरच लागला नसता. ती टेबलावर राहिली म्हणून जमलं.

फ्लेमिंग सुट्टीवरून परतला ३ सप्टेंबरला. वहीतली या कामाची पहिली नोंद ३० ऑक्टोबरची. मधल्या आठ आठवड्यांचं जे ऐकतो ते सगळं मागाहून सांगितलेलं.

तळटीप
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. हा हेअर कोण? सेंट मेरीज रुग्णालयात फ्लेमिंगच्याच विभागात काम केलेला माणूस. खालच्या मजल्यावर ला टूश हा बुरशीतज्ज्ञ बुरशीचे नमुने वाढवत होता आणि बीजाणू खिडकीतून नव्हे, जिन्याने वर आला असावा, हे त्याला सुचलं ते इमारत अंगवळणी पडलेली होती म्हणून. वहीत मापं असतात, जिना नसतो.

आणि छापील कागदाचं म्हणाल तर थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा मिलिकन. १९१३च्या निबंधात ५८ थेंब दिलेत, आणि हे निवडलेले नाहीत, सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब हेच, असं ठासून लिहिलंय. वह्यांत त्याहून बरेच जास्त थेंब आहेत.

काचपट्टी
मी वही म्हटलं, निबंध नव्हे. मिलिकनला पकडलं कोणी? त्याच्याच वह्यांनी. धन्यवाद.

तळटीप
थांबा, मिलिकन संपला नाही अजून. पाण्याचा थेंब बघता बघता उडून जातो, त्यामुळे एकच थेंब बराच वेळ वरखाली करून मोजता येत नाही. तेल घेतल्यावर सगळा प्रयोग बदलला. ते सुचलं कोणाला? मिलिकनचा एक विद्यार्थी होता, हार्वी फ्लेचर. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १९८२ साली छापला गेला. त्यात अत्तराचा फवारा आणि घड्याळाचं तेल आणून पहिली जुळणी आपण केली, असं तो म्हणतो. पुढे मिलिकनने तेलथेंबाच्या निबंधावर एकट्याचं नाव घातलं आणि बदल्यात ब्राउनीय गतीचा (सूक्ष्म कणांच्या अखंड थरथरीचा) निबंध फ्लेचरच्या एकट्याच्या नावावर गेला. हा सौदा कुठल्या वहीत सापडणार?

काचपट्टी
आणि मिलिकनच्या आत्मचरित्रात तीच कल्पना त्याला १९०९ साली विनिपेगहून परतताना आगगाडीत सुचते. आठवणी दोन, सुचणारे डोके दोन. फ्लेचरचा वृत्तांत मलाही पटतो, पण तो पटतो आणि तो सिद्ध आहे यात फरक आहे.

दोनमाइक
दोघंही मुलाखत म्हणजे गप्पा असं धरून चाललाय. गप्पाच मारल्या तर समारंभात पन्नासदा घासून गुळगुळीत झालेलं भाषणच पुन्हा मिळतं. 'शोध लागला तेव्हा काय वाटलं?' हा प्रश्न विचारला की कॅसेट सुरू.

आधी निबंधांची यादी सालवार लावा आणि प्रत्येकावरची, नियतकालिकाला निबंध 'मिळाल्याची तारीख' टिपून ठेवा. प्रसिद्धीची तारीख कामाची नाही. वहीच्या पानाची प्रत समोर ठेवून यंत्रापासून सुरुवात करा: पंप कोणता, गळती कुठे व्हायची, रात्रपाळीला कोण, या ओळीवर काट का मारली. हाताला लागलेल्या वस्तूची आठवण 'क्षणा'च्या आठवणीपेक्षा टिकते, आणि सहकाऱ्याकडून पडताळताही येते. गटाला एकत्र बसवू नका, ज्येष्ठ बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. दीड तासाच्या वर ताणू नका. दोघांना वेगवेगळे माइक लावा, नाहीतर नेमकं सनावळीत दोन आवाज एकमेकांवर चढतात.

सगळ्यात मोठा घोळ नंतर होतो. टंकलिखित मजकूर तपासायला गेला की शास्त्रज्ञ तो निबंधासारखा सुधारतो: अडखळणं जातं, 'बहुतेक' जातं, रागाने घेतलेलं नाव जातं. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण, पहिला मजकूर आणि दुरुस्त मजकूर, तिन्ही ठेवायचे.

निळीशाई
ठराविक अंतराने रेडिओ ठोके देणारे तारे, म्हणजे पल्सार, शोधणाऱ्या जोसेलिन बेल बर्नेल यांचं उदाहरण अजून कसं आलं नाही? रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा दिवसाला सुमारे ३० मीटर कागद त्या नजरेखालून घालत होत्या. त्यावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागेत विचित्र खरखर दिसली, ती ना नेहमीच्या लुकलुकणाऱ्या रेडिओस्रोताची ना पृथ्वीवरच्या उपद्रवाची. कागदाचा वेग वाढवून बघायचं ठरलं तर स्रोत मंदावलेला. कित्येक आठवडे काहीच हाती नाही. शेवटी २८ नोव्हेंबर १९६७ला ठोके सुटे दिसले, अंतर सुमारे १.३४ सेकंद. निबंधात ठोके आहेत, ते रिकामे आठवडे नाहीत. ते कळतात त्यांनी सांगितल्यामुळे.

काचपट्टी
मान्य, पण ते विश्वासार्ह का? तक्ते शाबूत आहेत म्हणून. तक्ता नसेल तर काय होतं ते आइनस्टाइनकडे पाहा. प्रकाशाच्या वेगावरून ईथरचा माग काढू पाहणारा मायकेलसन-मॉर्ली प्रयोग १९०५ पूर्वी, म्हणजे सापेक्षता मांडण्याआधी, माहीत होता का, हे शँकलंड या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला विचारलं. १९५० साली उत्तर मिळालं, १९०५ नंतर कळलं. १९५२ साली उत्तर, नक्की सांगता येत नाही. माणूस तोच, विचारणारा तोच. आता १८९९चं प्रेयसी मिलेव्हाला लिहिलेलं पत्र बघा: वीन या भौतिकशास्त्रज्ञाचा निबंध वाचल्याचा उल्लेख त्यात आहे, आणि त्या निबंधात हा प्रयोग आहे.

तळटीप
प्रेयसीला लिहिलेलं पत्र कधीपासून प्रयोगवही झालं?

दोनमाइक
शँकलंडने दोन्ही उत्तरं तारखेसह ठेवली म्हणून हा वाद तरी घालता येतोय. पहिलं 'चुकीचं' म्हणून खोडलं असतं तर आपल्याकडे एकच, ठाम आणि निरुपयोगी उत्तर असतं. काचपट्टी, आजच्या प्रयोगशाळांत वही संगणकावर असते. तिथे 'काट मारलेली ओळ' दिसायची तर बदलांचा इतिहास चालू ठेवलेला असावा लागतो. अनेकदा अंतिम मजकुराची पीडीएफ तेवढी जपली जाते. त्या वहीला काय विचारणार?