मदत हवी आहे: दोन नाणी, तीन प्रकार, मग 1/3 का नाही?

पाटीपेन्सिल: डी.एल.एड. (शिक्षक होण्याची पदविका), दुसरं वर्ष. परवा पाठ आहे, टाचण अडलंय. दोन नाणी एकदम उडवली. मागच्या तासाला एक मुलगी म्हणाली, "दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. तीनच प्रकार, मग प्रत्येकाची संभाव्यता 1/3." उत्तर 1/4, 1/4, 1/2 हे मला ठाऊक आहे. तिला पटवू कसं? लवकर सांगा.

गोदाकाठ: इयत्ता? पट? राज्य मंडळात संभाव्यता दहावीला येते, तुमच्या पाठात कुठून आली?

टीईटीवाला: टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात 150 पैकी गणित 30 गुणांना. काळ-काम-वेग, शेकडेवारी पक्कं करा, यात अडकू नका.

पाटीपेन्सिल: परीक्षेचं विचारलंच नाहीये! आठवी, सीबीएसई शाळा, पट 40.

जुनामास्तर: एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं नाणं घ्या. रुपयावर छापा-पाचावर काटा आणि त्याच्या उलट, हे दोन वेगळे निकाल डोळ्यांना दिसतात. चार झाले. वृक्षाकृती काढा (पहिल्या नाण्याच्या दोन फांद्या, प्रत्येकीला दुसऱ्याच्या दोन), झालं.

सांख्यिकीवेडा: नाही झालं. ती विचारेल, "दोन्ही रुपयाचीच असली तर?" उडवूनच बघू द्या. आणि तिला गप्प बसवू नका. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता दलांबेर या फ्रेंच गणितज्ञाने 1754 साली फ्रेंच विश्वकोशात 2/3 मांडली, खरी 3/4. त्यानेही तीन प्रकार समान शक्यतेचे धरले होते.

जुनामास्तर: 10 फेकींत 'एकेक' 3 वेळाच आलं तर? पोरं 1/3 च धरून बसतील.

सांख्यिकीवेडा: म्हणून एका जोडीवर थांबायचं नाही. 20 जोड्या, प्रत्येकी 10 फेकी, एकूण 200. 'एकेक' 100 च्या आसपास येतं की 67 च्या, ते लपत नाही.

गोदाकाठ: माझ्या वर्गात फोडलेले चिंचोके चालतात. बाजू दोनच, काळी आणि पांढरी, पण निम्मे-निम्मे पडतीलच असं नाही. प्रकार मोजले म्हणजे संभाव्यता मिळाली, हा समज तिथेच सुटतो.



पाटीपेन्सिल: @सांख्यिकीवेडा आधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घेते. 200 ची नोंद फळ्यावर कशी घेऊ? तास 35 मिनिटांचा आहे.

सांख्यिकीवेडा: ताळ्याच्या खुणा. उडवणं सगळ्यांचं एकदम, नोंदीला जोडीतला एकच जण फळ्याशी. दर पाच जोड्यांनंतर बेरीज थांबवून वाचा: 50, 100, 150, 200. नाणी दोन्ही रुपयाचीच द्या. वृक्षाकृती त्यानंतर, आणि ती त्या मुलीलाच काढू द्या.