पट्टा दिसत नसेल तर आधी बर्फ बघा

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (पेशींतली प्रथिनं वेगळी करून पटलावर अँटिबॉडीनं शोधायची चाचणी) फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधताना ब्लॉकिंगला, म्हणजे पटलाची रिकामी जागा झाकायला, दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, हे वर सांगितलंय ते पटलं. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट लागलेलं प्रथिन) असल्यानं अँटिबॉडी त्यालाही चिकटून अख्खा ब्लॉट काळवंडू शकतो. पण फॉस्फो-एकेटीचा (फॉस्फेट लागलेल्या एकेटी प्रथिनाचा) पट्टाच येत नसेल, तर सशाच्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीला दोष देण्याआधी पेशी कशा फोडल्या ते तपासा. सोलापुरात मे महिन्यात आमच्या लॅबमधल्या बर्फाचं बघता बघता पाणी व्हायचं, आणि तेवढ्या वेळात फॉस्फटेज (फॉस्फेट तोडणारे एन्झाइम) एकेटीतल्या सेरीन ४७३ या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट काढून टाकायचे. एकूण एकेटीचा (फॉस्फेट असो-नसो) ६० किलोडाल्टनजवळचा पट्टा मात्र ठसठशीत! पेशी फोडायच्या बफरमध्ये फक्त ऑर्थोव्हॅनाडेट होतं, ते मुख्यतः टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजना रोखतं. सेरीनसाठी सोडियम फ्लोराइडही घातलं, नळ्या बर्फाच्या चुऱ्यात गळ्यापर्यंत रोवल्या, तेव्हा पट्टा उमटला. शिवाय एक नमुना लॅम्डा फॉस्फटेज घालून, म्हणजे मुद्दाम फॉस्फेट काढून, चालवाच. त्यातही पट्टा राहिला तर तो फॉस्फोचा नाही.