पानं वळली, चिप्स मऊ पडल्या, क्रीमला बुरशी आली. यंदा काय वेगळं करू?

केशरी_पान
नमस्कार मंडळी, पानगळ सुरू झाली की मला आणि लेकीला (वय ९) घरी काहीतरी करत बसायला फार आवडतं. मागच्या वर्षी आम्ही तीन गोष्टी केल्या. सफरचंदाच्या चिप्स केल्या, त्या ओव्हनमधून काढल्या तेव्हा छान होत्या, दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर चामड्यासारख्या. लाल पिवळी पानं गोळा करून तोरण केलं, चार दिवसांत सगळी पानं वळून द्रोणासारखी झाली आणि हात लावला की चुरा. तिसरं म्हणजे गुलाबपाणी, कोरफडीचा गर आणि बदाम तेल मिक्सरमध्ये फिरवून क्रीम केलं, त्यात टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई ची कॅप्सूलही फोडून घातली, तरी आठ दिवसांत वर काळे ठिपके. लेकीने ते मैत्रिणींना द्यायला छोट्या डब्यांत भरून ठेवलं होतं, सगळं फेकावं लागलं, खूप रडली ती.

यंदा तिला परत सगळं करायचंय आणि मला ते टिकायला हवंय. भोपळाही आणलाय एक मोठा, त्याचं काय करू तेही सांगा. ओव्हन आहे, वजनकाटा आहे, वेळ आहे.

फोडी_आणि_काप
चिप्सचं मी सांगते, दरवर्षी करते. एकतर काप २ ते ३ मिलिमीटरचेच हवेत आणि सगळे सारखे, जाड बारीक झाले की बारीक करपतात आणि जाड आतून ओले राहतात. चिरल्याबरोबर लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका म्हणजे काळे पडत नाहीत. मग कपड्यावर टिपून कोरडे करायचे, हे टिपणं बरेच जण सोडून देतात पण त्यानेच अर्धा तास वाचतो. ओव्हन ९५ ते १०० डिग्री, काप एकावर एक नकोत, दीड ते दोन तास, मध्ये एकदा उलटायचे. गरम असताना ते थोडे वाकतातच, म्हणून तेव्हा अंदाज घेऊ नका. एक काप बाहेर काढून दोन मिनिटं गार होऊ द्या आणि मोडून बघा, कटकन मोडला तर झालं, वाकला तर अजून वीस मिनिटं. शेवटी ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून आतच गार होऊ द्यायच्या.

तुमच्या मऊ पडल्या कारण एकतर पूर्ण वाळल्या नव्हत्या किंवा कोमट असतानाच डब्यात भरल्या. कोमट भरल्या की वाफ झाकणाला लागते आणि ते पाणी परत चिप्सवर उतरतं. मऊ पडल्या तरी फेकू नका, १० ते १५ मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवल्या की कुरकुरीत होतात.

मेण_आणि_मध
ताई, तुमचे तिन्ही किस्से वाचले आणि मला वाटतं तिन्हीत चूक एकच आहे, पाणी. चिप्समध्ये पाणी राहिलं, पानातलं पाणी भलत्या पद्धतीने गेलं, आणि क्रीममध्ये तर तुम्ही स्वतःच घातलंत. लेकीला हे असंच सांगा, तिच्या वयाला ते पटकन कळेल आणि मग ती प्रत्येक वस्तूला स्वतःच विचारेल की ह्यात पाणी कुठेय.

क्रीमचं नीट सांगते कारण त्यातच लोक फसतात. पाणी आणि तेल एकत्र असलेली कुठलीही गोष्ट (गुलाबपाणी, कोरफड, फळाचा रस, सगळं पाणीच) म्हणजे बुरशी आणि जंतूंना मेजवानी. व्हिटॅमिन ई ने तेल खवट होणं लांबतं, बुरशी थांबत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. कंपन्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालतात ते उगाच नाही. घरी ते प्रमाण सांभाळायचं नसेल तर पाणीवालं क्रीम करूच नका, विशेषतः दुसऱ्यांना द्यायला तर अजिबात नको, कारण बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीपासून ते खराब झालेलं असतं. त्याऐवजी बाम करा, त्यात पाण्याचा थेंबही नसतो.

माझं माप: मधमाश्यांचं मेण १० ग्रॅम, शिया बटर (शिया झाडाच्या बियांतून काढलेलं, लोण्यासारखं घट्ट तेल) १० ग्रॅम, बदाम किंवा खोबरेल तेल २० ग्रॅम. ह्यात ५ ग्रॅमच्या आठ डब्या होतात. पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवून त्यावर काचेचं भांडं ठेवा, त्यात आधी मेण, ते साधारण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं, मग तेल, शिया बटर सगळ्यात शेवटी. थेट गॅसवर मेण कधीच ठेवायचं नाही, ते पेटू शकतं, आणि पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण घालायचं. वितळवणं तुम्ही करा, डब्यांत ओतणंही तुम्हीच, लेकीला मोजायला आणि लेबलं लावायला द्या, मोजण्यात ती तुमच्यापेक्षा काटेकोर निघेल बघा. ओतायच्या आधी चमचाभर मिश्रण फ्रीजरमध्ये पाच मिनिटं ठेवून बोटाने बघायचं, फार कडक वाटलं तर थोडं तेल वाढवा, फार मऊ असेल तर मेण. डब्या आणि चमचे धुऊन पूर्ण कोरडे हवेत, त्यांच्यातूनही पाणी शिरतं. असा बाम सहा महिने आरामात टिकतो. मैत्रिणींना देणार असाल तर डबीवर आत काय आहे ते लिहाच, बदामाची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात.

संध्याकाळचा_चहा
माझ्याकडूनही एक, चेहऱ्यासाठी भोपळ्याचा गर, दालचिनी पावडर, लिंबाचा रस आणि चिमूटभर खायचा सोडा एकत्र करून लावा, मस्त चमक येते असं एका व्हिडिओत बघितलं, सगळं नैसर्गिक आहे त्यामुळे काही अपाय नाही.

मेण_आणि_मध
दादा, रागावू नका पण ह्यातल्या भोपळ्याशिवाय तिन्ही गोष्टी चेहऱ्यावर नकोत. लिंबाचा रस साधारण २ पीएचचा असतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), सोड्याचं पाणी ८ च्या वर जातं, आणि आपली त्वचा ५ च्या आसपास असते, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. दालचिनीने कित्येकांना आग होते, लाल चट्टे येतात. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य आहे असं नसतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर तर हे प्रयोग मुळीच करू नका, कळकळीने सांगतेय.

काही लावायचंच असेल तर ओट्स. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक दळायचे, एक चमचा ग्लासभर पाण्यात टाकून ढवळला की पाणी दुधासारखं झालं पाहिजे, तळाशी खाली बसलं तर अजून दळा. कोरडी झालेली त्वचा ह्याने खरंच शांत होते, बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००३ मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे. अर्धा कप पीठ कोमट अंघोळीच्या पाण्यात पुरे, फक्त फरशी निसरडी होते ते सांभाळा. पीठ कोरडं ठेवलं तर डब्यात टिकतं, पाण्यात कालवलं की त्याच दिवशी संपवायचं. परत तेच, पाणी.

आणि काहीही पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा.

संध्याकाळचा_चहा
रागावत नाही, उलट बरं झालं सांगितलंत, बायकोला तेच करायला सांगणार होतो. ओट्स करून बघतो.

चिकटवही
पानांचं माझ्याकडे लागलं. केशरी_पान, तुम्ही ओली पानं तशीच दोऱ्यात ओवलीत ना? मोकळ्या हवेत पान सगळीकडून सारखं वाळत नाही, म्हणून वळतं. त्याला वाळेपर्यंत दाबून धरावं लागतं. झाडावरून नुकतंच पडलेलं, अजून लवचिक असलेलं पान घ्या, कुरकुरीत झालेलं घेतलं तर दाबतानाच तुटतं. पुसून वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक ठेवायचं, वर जाड पुस्तकं. पहिल्या दोन दिवसांत कागद रोज बदला, हे फार महत्त्वाचं आहे, ओल्या कागदात राहिलं की पानावर तपकिरी डाग पडतात. एक ते दोन आठवड्यांत पान कागदासारखं सपाट होतं. नंतर वितळलेल्या मेणात देठाला धरून एकदा बुडवून लगेच वर काढायचं (हेही मोठ्यांनीच), रंग जास्त दिवस राहतो आणि पान तुटत नाही. इस्त्रीने करायचं असेल तर दोन मेणकागदांमध्ये ठेवून वरून सुती कापड घालून इस्त्री फिरवा, पण मेणकागदच हवा, बेकिंगच्या कागदाला मेण नसतं, तो चिकटतच नाही, मी एकदा अख्खी दुपार त्यात घालवली आहे.

पान मऊ आणि वाकणारं ठेवायचं असेल तर ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन दोन भाग पाणी, पसरट ताटलीत पानं बुडवून ठेवा, वर दुसरी ताटली ठेवली की तरंगत नाहीत. तीन ते पाच दिवसांनी काढून टिपा. पानातलं पाणी जातं आणि त्या जागी ग्लिसरीन बसतं, ते वाळत नाही, म्हणून पान चामड्यासारखं लवचिक राहतं. रंग जरा गडद होतो पण तोरणाला हीच पानं सगळ्यात छान, वाऱ्याने हलली तरी तुटत नाहीत. कुठलीही पानं करा, थेट उन्हाच्या खिडकीत टांगू नका, रंग उडतो.

पाइनचे कोन मिळाले तर तेही आणा. ओव्हनमध्ये ९५ डिग्रीला अर्धा तास, खाली फॉइल घालून (डिंक गळतो) आणि तिथेच उभं राहून, ओव्हन सोडून जायचं नाही. आतले किडे मरतात आणि मिटलेले कोन उमलतात. लेकीला एक गंमत दाखवा, उमललेला कोन पाण्याच्या भांड्यात टाका, थोड्या वेळाने मिटतो, वाळला की परत उघडतो. प्रत्येक खवल्याचे दोन थर असतात आणि बाहेरचा थर ओला झाला की जास्त फुगतो म्हणून खवला आत वळतो. माझा मुलगा हेच दिवसभर करत बसला होता, माळ राहिली बाजूला.

फोडी_आणि_काप
भोपळा राहिला. अर्धा कापून बिया काढा, कापलेली बाजू खाली ठेवून २०० डिग्रीला पाऊण ते एक तास भाजा, सुरी सहज आत गेली पाहिजे. गर काढून कपड्यात बांधून तासभर टांगा, बरंच पाणी निथळतं आणि मग केक असो की सूप, चव दाट येते. जास्तीचा गर फ्रीजमध्ये तीन चार दिवस, बाकी फ्रीजरमध्ये. बरणीत भरून बाहेर कपाटात ठेवायचा विचार मात्र करू नका, भोपळ्यात आंबटपणा नसतो आणि हवाबंद बरणीत बोटुलिझमचे (जीवघेणी विषबाधा करणारे) जंतू वाढू शकतात, ते वासाने कळेलच असं नाही.

बिया टाकू नका! धुऊन, मिठाच्या पाण्यात १० मिनिटं उकळून, निथळून, पूर्ण कोरड्या करून, चमचाभर तेल चोळून १६० डिग्रीला २० ते २५ मिनिटं. उकळल्याने मीठ आतपर्यंत जातं आणि साल चावायला सोपी होते.

आणि सफरचंदं उरली तर त्यांचं बटर करा, नाव बटर पण लोणी नसतंच त्यात. २ किलो फोडी थोड्या पाण्यात शिजवून वाटा, दालचिनी आणि हवी तेवढी साखर घालून मंद आचेवर तास दोन तास आटवा. झालंय का बघायला थेंबभर गार ताटलीवर टाका, कडेने पाण्याचं कडं सुटलं नाही तर झालं. मेण_आणि_मध ताईंचं पाणी इथेही आलंच!

केशरी_पान
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, लेकीला वाचून दाखवलं. तिने वहीत पान आखलंय, वस्तूचं नाव आणि पुढे पाणी आहे की नाही. तिचे दोन प्रश्न आहेत. पान लाल का होतं, आणि काठीवरची कॅरॅमल लावलेली सफरचंदं करून मैत्रिणींसाठी आठवडाभर ठेवता येतील का?

चिकटवही
दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातला हिरवा रंग मोडून आतलं सत्त्व परत खोडात ओढून घेतं. पिवळा आणि केशरी रंग पानात आधीपासून असतो, हिरवा गेला की तो दिसतो. लाल मात्र बहुतेक झाडं तेव्हाच नव्याने तयार करतात, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तर लाल जास्त खुलतो.

फोडी_आणि_काप
कॅरॅमलची सफरचंदं बाहेर आठवडाभर नका ठेवू. काठी खुपसली की रस कॅरॅमलच्या खाली झिरपतो आणि तिथे ओल कोंडून राहते. २०१४ मध्ये अमेरिकेत विकतच्या अशा सफरचंदांतून लिस्टेरिया ह्या अन्नातून पसरणाऱ्या जंतूची साथ आली होती. करा जरूर, पण फ्रीजमध्ये ठेवून दोन तीन दिवसांत संपवा. विकतच्या सफरचंदावर बऱ्याचदा मेण असतं त्यामुळे कॅरॅमल घसरतं, उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून कोरडं पुसा, मग गार करून लावा. कॅरॅमल ११८ ते १२० डिग्रीला उतरवायचं.

केशरी_पान
तीन आठवड्यांनी सांगायला आले. चिप्स सहाव्या दिवशीही कटकन मोडत होत्या. ग्लिसरीनची पानं खिडकीशेजारच्या भिंतीवर आहेत, अजून सपाट, रंग मात्र लालचा विटकरी झालाय. पाइनचा कोन रोज पाण्यात जातो. बाम आठ डब्या झाला, मैत्रिणींना दिलाही, पण उरलेल्या दोन डब्यांत बारीक रवा लागतोय ओठांना. खराब झाला का?

मेण_आणि_मध
नाही ताई, शिया बटर सावकाश गार झालं की त्याचे दाणे बनतात. डब्या उघडून गरम पाण्यावर परत वितळवा आणि ओतल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा, गुळगुळीत होईल. डबीत वाफेचा थेंब पडू देऊ नका तेवढं बघा.