तख्तसिंगजी वेधशाळेचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा?

प्रश्न : पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली सुरू झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा इतिहास मी लिहीत आहे. तिचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊर येथे घेतले, त्याचा अहवाल छापलेला आहे. पण अशा अहवालांतून निष्कर्ष कळतात. दुर्बिणीची निगा कोण राखत असे, कोणते वेध फसले, हे कुठे शोधावे?

प्रतिसाद १ : हिशेबाच्या कागदांपासून सुरुवात करा, असे मी आग्रहाने सुचवेन. अहवाल लिहिणारा नको ते वगळू शकतो. पण छायाचित्रणाच्या फुटलेल्या काचपट्टीचे पैसे सरकारकडे मागायचे तर ती फुटली हे लिहून द्यावेच लागते. म्हणून पगारपत्रके, जडवस्तू नोंदवही (संस्थेच्या टिकाऊ सामानाची यादी), दुरुस्तीची बिले आणि रेल्वेने सामान नेल्याचा खर्च यांतून रोजच्या कामाचा माग लागतो. मुंबईच्या राज्य अभिलेखागारातील शिक्षण खात्याची दप्तरे अवश्य पाहा. शिवाय ही वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली आणि १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची २० इंची परावर्ती (आरशाची) दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली, तेव्हा पुण्यात एखादा कागद मिळाला नाही म्हणून तो नव्हताच, असे समजू नये.

प्रतिसाद २ : कागदांपलीकडेही साधने असतात. पाणी पात्यांनी घुसळून उष्णता मोजण्याचा एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञ जूल यांचा प्रयोग विज्ञानाचे इतिहासकार सिबम यांनी १९९० च्या दशकात तशीच उपकरणे घडवून पुन्हा केला. तेव्हा प्रयोग करणाऱ्याच्या अंगच्या उष्णतेनेही मोजमाप बिघडते हे ध्यानात आले आणि बिअर गाळणाऱ्या घराण्यात वाढलेल्या जूल यांचा तापमापक वाचण्याचा सराव किती मोलाचा होता हे उमगले. नुसता निबंध वाचून हे कळले नसते. त्या काळच्या काचेच्या आरशांवरील चांदीचा लेप काळवंडे आणि पुन्हा द्यावा लागे. पुण्यातील हौशी मंडळी दुर्बिणीचे आरसे घासतात. त्यांच्यासोबत एकदा तो लेप देऊन पाहावा.

प्रतिसाद ३ : सूचना चांगली आहे, मात्र आजची रसायने अधिक शुद्ध असतात, आपल्याला लागलेल्या वेळावरून त्या काळच्या कारागिरांच्या श्रमाचा हिशेब मांडू नये.

आपल्या विषयाचे साक्षीदार आता नाहीत, पण हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यात आले १९२८ मध्ये आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली १९५० मध्ये. अशा संस्थांतील निवृत्त ग्लासब्लोअर (काच फुंकून उपकरणे घडवणारे) आणि यंत्रकारागीर यांच्या मुलाखती तातडीने ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात, कारण शोधनिबंधांत त्यांचे नाव क्वचितच येते. मुलाखतीच्या वेळी शक्य असेल तर त्यांनी घडवलेले उपकरणच त्यांच्या हाती द्यावे; कोणता सांधा का तसा केला, हे नुसत्या प्रश्नावलीतून निघत नाही.