पॅरिसमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची?

रानजाई: आई-बाबा पुढच्या महिन्यात दोघंच पॅरिसला आणि तिथून म्युनिकला जाताहेत. इंग्रजी कामापुरतं येतं. इथे 'दादा, जरा ऐका' म्हटलं की भागतं. तिथे दुकानात, बसमध्ये, रस्त्यात अनोळखी माणसाला काय म्हणायचं? चार वाक्यं पाठ करून घेईन म्हणते.

तिरफळ: वाक्यांच्या आधी क्रम पाठ करून घ्या, गाडी तिथेच अडते. 'बोंझूर मदाम' (नमस्कार बाई) किंवा 'बोंझूर मस्यो' (नमस्कार साहेब) म्हणायचं आणि थांबायचं. समोरून 'बोंझूर' आलं की मग 'वू पार्ले आँग्ले, सील वू प्ले?' (तुम्ही इंग्रजी बोलता का, कृपया?) आणि त्यानंतर काम. नमस्कार न करता थेट इंग्रजीत प्रश्न टाकला की तुटक उत्तर मिळतं, कारण त्यांच्या लेखी तो उद्धटपणा असतो. नुसतं 'एक्स्क्यूझे म्वा' (माफ करा) म्हणूनसुद्धा पुरत नाही. बेकरीत, औषधांच्या दुकानात शिरताच आणि बसमध्ये चढताना चालकालाही बोंझूर. संध्याकाळी सहाच्या सुमारास बोंझूरऐवजी 'बोंस्वार' (शुभ संध्याकाळ) सुरू होतं. मेट्रोच्या गर्दीतून वाट काढायला 'पार्दों' (माफ करा) बास. काही विकत घेतलं नाही तरी निघताना 'मेर्सी, ओ रव्वार' (धन्यवाद, येतो) म्हणायचंच.

सोनकी: तू-तुम्हीचा भेद आपल्यासारखाच आहे: 'त्यू' म्हणजे तू, 'वू' म्हणजे तुम्ही. लहान मुलं सोडून सगळ्यांना वू, वेटर विशीतला असला तरी. घोळ होतो भाषांतराच्या ॲपमुळे. इंग्रजीतून वाक्य दिलं तर तू की तुम्ही हे ॲपला कळत नाही. म्हणून उत्तरात 'सील त प्ले' (तू वापरून केलेलं 'कृपया') आलं की वाक्य बदला, 'सील वू प्ले' हवं. मागताना 'झ व' (मला पाहिजे) नको, 'झ वुद्रे' (मला हवं होतं) म्हणा. वेटरला 'गार्साँ' (पोरा) अशी हाक चुकूनही नको. नजर मिळाली की 'मस्यो, सील वू प्ले'. तरुण मुलीलाही मदामच म्हणावं. 'मादम्वाझेल' (कुमारी) हा पर्याय २०१२ मध्ये सरकारी फॉर्मवरूनही हटवायला सांगितलं गेलं.

रानजाई: खूप आभार. म्युनिकलाही असंच का?

घाटमाथा: नाही, तिथे उलट. मदाम-मस्यो आडनावाशिवाय चालतं, जर्मनमध्ये मात्र 'हेर' (श्री) आणि 'फ्राउ' (श्रीमती) यांच्यापुढे आडनाव लागतं. रस्त्यात ते ठाऊक नसतं, म्हणून फक्त 'एन्टशुल्डिगुंग' (माफ करा) म्हणून थेट विचारायचं: 'क्योनन झी मिअर बिट्ट हेल्फन?' (तुम्ही मला कृपया मदत करू शकाल का?) यातलं 'झी' म्हणजे तुम्ही, आणि क्रियापदही मराठीसारखंच अनेकवचनी. वेटरलाही एन्टशुल्डिगुंग. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियात दुकानात शिरताना 'ग्र्यूस गॉट' (तिथला नमस्कार) ऐकू येईल, तेच परत म्हणावं. बाबांना सांगा, उत्तर देताना कुणी हसलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. पत्ता नीट सांगतात.