मदत हवी आहे: नागपुरात घराच्या भिंती विटांच्या घ्याव्यात की काँक्रीटच्या?

निंबोणी:

नमस्कार. बेलतरोडीला आमचा 1500 चौरस फुटांचा प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच घर बांधायचं आहे. नकाशा मंजूर झालाय, पायव्याची खोदाई दिवाळीनंतर. भिंतींवरून मात्र घरात तीन मतं पडली आहेत आणि ठेकेदाराला पुढच्या आठवड्यात सांगायचं आहे, म्हणून इथे विचारते.

बाबांना लाल विटेची 9 इंची भिंतच हवी. त्यांचं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या जाड भिंतींच्या घरात गेलं, तिथे उन्हाळा पंख्यावर निघायचा असं ते सांगतात. भाऊ पुण्याला मायवान पद्धतीने, म्हणजे साच्यांत काँक्रीटच्या भिंती ओतून बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याचं म्हणणं, स्लॅबसारख्या भिंतीही काँक्रीटच्या ओतून घ्या, पुन्हा बघायला नको. ठेकेदार म्हणतो, दोन्ही सोडा, काँक्रीटचे ब्लॉक लावा, काम झपाट्यानं उरकतं.

मला दोन गोष्टींची धास्ती आहे. आईबाबांची खोली पश्चिमेला येते. सध्याच्या भाड्याच्या घरातही त्यांची खोली पश्चिमेलाच आहे, भिंत 4 इंची काँक्रीट ब्लॉकची. मे महिन्यात रात्री अकराला त्या भिंतीवर तळहात टेकवला तरी ती गरम लागते. आई पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणते, मग उशाकडचं बटण हाताला येत नाही. तिला दमा आहे, कूलरची दमट हवा रात्रभर सोसत नाही. नव्या घरात तिला भिंतीशी पलंग लावून झोपता यावं, एवढं तरी मला साधायचंच आहे.

दुसरं म्हणजे आमची जमीन काळी, चार-पाच फूट खोल. शेजारच्या गल्लीत एक विटांचं घर आहे, त्याला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेलेत. उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटत येतात. भाऊ तेच दाखवून म्हणतो, काँक्रीट असतं तर हे झालं नसतं. खरंच तसं आहे का?

ओळंबा:

निंबोणीताई, मी स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो, नागपूर-वर्धा भागातच. तुमच्या घराला कॉलम-बीमचा सांगाडा असणार असं धरतो. मग घराचं ओझं कॉलम पेलतात, भिंत फक्त मधली मोकळी जागा भरते. त्यामुळे काँक्रीटची भिंत मजबूत की विटेची, हा प्रश्न तुमच्या घरापुरता फारसा उरत नाही.

तुमच्या भावाच्या फ्लॅटचं गणित वेगळं आहे. तिथे ओझं भिंतीच पेलतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. मजल्यामागून मजला तेच साचे वापरायचे असतात, म्हणून त्यांचा खर्च निघतो. एका घरासाठी ते परवडत नाही, आणि साध्या प्लायच्या शटरिंगमध्ये भिंती ओतायच्या म्हटलं तर सळई, सेंट्रिंग, मजुरी सगळंच वाढतं. वर लाइटचे पाइप, बटणांच्या पेट्या ओतण्याआधीच पक्क्या कराव्या लागतात. दहा वर्षांनी एक पॉइंट सरकवायचा म्हटलं तरी ओझं पेलणाऱ्या भिंतीत झिरी मारू देता येत नाही. भूकंपाचं म्हणाल, तर आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नागपूर झोन 2 मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. दोन मजल्यांसाठी काँक्रीटच्या भिंती ओतायला मला एकही कारण दिसत नाही.

आता तडे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. पाया त्याच थरात राहिला तर घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा खचतो, आणि भिंत जिथे सगळ्यात कमकुवत तिथे, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, फाटते. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा ही त्याचीच खूण. त्या घराच्या विटांना बोल लावू नका. त्याच पायावर ब्लॉकची भिंत असती तरी ती फाटलीच असती.

तुमच्याकडे काळी चार-पाच फूटच असेल तर कॉलमचे खड्डे ती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्या. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरचा आडवा बीम, सगळीकडून सलग बांधून घ्या. खोदाईत निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. हे नेमकं होतं, कारण ती फुकट आणि हाताशी असते. मुरूमच भरा, थराथरानं पाणी मारून ठोकून घ्या. घराभोवती तीनेक फुटांचा पक्का पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. काळी जास्त खोल निघाली तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खाली फुगीर केलेल्या खोल काँक्रीटच्या खांबांचा, विचार करावा लागेल. खोदाईच्या दिवशी इंजिनिअरला खड्ड्यापाशी उभं करा, फोनवर काम भागवू नका.

ऊनसावली:

उष्णतेचं मी लिहिते, मी आर्किटेक्ट आहे.

एसपी 41 या भारतीय मानकांच्या पुस्तिकेत विटेची उष्णतावाहकता 0.81 आणि आरसीसीची (सळई घातलेल्या काँक्रीटची) 1.58 वॅट प्रति मीटर केल्व्हिन दिली आहे. म्हणजे जाडी सारखी धरली तरी काँक्रीटमधून उष्णता जवळपास दुप्पट वेगानं आत येते. त्यात वीट 9 इंच आणि काँक्रीट 6 इंच, मग फरक आणखी वाढतो. नागपूरच्या उन्हात काँक्रीटच्या भिंतींचं घर एसीशिवाय काढणं कठीण आहे.

ठेकेदाराला 'ब्लॉक' म्हणजे नेमका कोणता, ते विचारा. सिमेंट, चुरी आणि गिट्टीचा भरीव ब्लॉक उन्हाच्या बाबतीत काँक्रीटचाच भाऊ आहे, आणि तुमच्या सध्याच्या घराची भिंत बहुधा त्याचीच आहे. एएसी ब्लॉक ही पूर्ण वेगळी वस्तू. आत बारीक हवेच्या पोकळ्या असतात, त्याची वाहकता 0.2 च्या आसपास. वजनही बघा: 10 फूट उंच भिंतीचा एक फूट लांबीचा तुकडा घेतला तर 9 इंची विटेचा साधारण 400 किलो भरतो, 6 इंची काँक्रीटचा 350, आणि 8 इंची एएसीचा प्लास्टर सोडून सव्वाशेच्या आत-बाहेर.

बाबांची आठवण खरी आहे, पण त्या घराचा गारवा एकट्या भिंतींचा नसावा. त्या काळच्या घरांना जाड भिंतींसोबत कवेलूचं छप्पर असे, मधे चौक असे. आज डोक्यावर उघडा स्लॅब आहे. नागपूर 21 अंश उत्तरेला आहे, मेच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळ्यात जास्त मार गच्चीला, मग सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला. म्हणून आईंची खोली तळमजल्यावरच ठेवा आणि गच्चीला चुन्याचा किंवा पांढऱ्या कूल रूफ रंगाचा हात द्या.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल एक बारकावा. 9 इंची विटेची भिंत उष्णता अडवते म्हणण्यापेक्षा उशिरा आत सोडते. दुपारी चारला खाल्लेलं ऊन ती रात्री, ऐन झोपायच्या वेळेला, खोलीत सोडायला लागते. बैठकीच्या खोलीला हे चालतं, झोपायच्या खोलीला नाही. त्या एका भिंतीला 8 इंची एएसी घ्या, नाहीतर दोन साडेचार इंची विटांच्या भिंती, मधे दोन इंचांची पोकळी. मला विचाराल तर आधी नकाशाच हलवून बघा: जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला, आईंची खोली उत्तरेला किंवा पूर्वेला. बदललेला नकाशा पुन्हा दाखल करावा लागेल का, ते तुमच्या आर्किटेक्टला विचारा. खोली हलली तर भिंतीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

कन्हानकाठ:

बाबांना वीट पाहिजे असंन तर नाही म्हणू नका ताई, पण वीट पाहून घ्या. आमच्या घरी तीन पिढ्या बांधकाम आहे. ट्रकमधल्या वरच्या विटा पाहून कोणी हो म्हणू नये, मधल्या काढायला लावा. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर कच्ची. नखानं ओरखडा ओढा, उमटला नाही पाहिजे. मग चार-पाच विटा घरी न्या, कोरड्या वजन करा, 24 तास पाण्यात बुडवून पुसून पुन्हा वजन करा. आयएस 1077 प्रमाणे साध्या विटेनं आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांवर पाणी पिऊ नये. वाळल्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर वर आली तर ती लोणा लागलेली, म्हणजे क्षाराची वीट. अशी वीट लावली की दोन वर्षांत प्लास्टर पोपडे धरते, मग कोणताही रंग मारा.

आपल्या भागात कोराडी अन् खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख ढिगानं निघते, म्हणून आता बरेच मिस्त्री फ्लायॲश वीटच लावून राहिले. आकार एकसारखा येतो, मसाला अन् प्लास्टर कमी लागते. पण तिच्यातही ताजी अन् कच्ची असतेच. कारखान्यात तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) होऊन पुरे दिवस झाल्याशिवाय साइटवर घेऊ नका.

वीट आदल्या दिवशी भिजवा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते अन् सांधा भुसभुशीत राहतो. एका दिवसात पाच फुटांवर भिंत चढवू देऊ नका. मिस्त्री घाई करतात, तुम्ही अडवा.

निंबोणी:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवले. भावाने काँक्रीटचा हट्ट सोडला, आणि बाबा स्वतः विटा वाजवून बघायला कामठी रोडला जायचं म्हणताहेत.

जिना पश्चिमेला नेता येतो असं आर्किटेक्ट म्हणाले, पण खोलीची अर्धी भिंत तरी पश्चिमेला उरतेच. तेव्हा बाहेरच्या बाकी भिंती 9 इंची लाल विटेच्या आणि पश्चिमेची तेवढी एएसीची, असं मनात आहे. दोन शंका. एकाच घरात वीट आणि एएसी मिसळलं तर जिथे जुळतात तिथे फाटेल का? आणि त्याच भिंतीला खिडकी आहे, म्हणजे तिथे कूलरचं स्टँड येणार. पाण्यानं भरलेला कूलर एएसीची भिंत पेलेल का?

ओळंबा:

मिसळायला हरकत नाही, फक्त दोन्हींची गाठ कॉलमवर पडू द्या, भिंतीच्या मधोमध नको. भिंत आणि कॉलम-बीम जिथे भेटतात तिथे प्लास्टरच्या आत कोंबडी जाळी, दोन्हीकडे चार-चार इंच चढवून. बीमखालचा शेवटचा थर लगेच ठासू नका, भिंतीला आठवडाभर बसू द्या आणि मग भरा. एएसीला विटेसारखं भिजवत ठेवायचं नसतं, नुसता वरून पाण्याचा हात. त्याचा मसालाही वेगळा येतो, पातळ थराचा, तोच वापरा. पश्चिमेला पावसाची झोड बसते आणि एएसी पाणी धरतं, म्हणून बाहेरून दोन हाती प्लास्टर आणि खिडकीच्या छज्जाखाली पाणी तोडणारी खाच हवीच.

कूलरचं स्टँड एएसीत ठोकायचं नाही. भरलेला कूलर शंभर किलोच्या पुढे जातो, वर पंख्याची थरथर, साधे खिळे हळूहळू सैल होतात. दोन उपाय आहेत. खिडकीखाली आरसीसीचा सलग पट्टा दोन्ही कॉलमांना जोडून ओतून घ्या आणि स्टँडचे बोल्ट त्यात धरा. तळमजलाच असल्यामुळे दुसरा उपाय सोपा: जमिनीवर उभं राहणारं लोखंडी स्टँड करून घ्या, भिंतीवर भारच नको. पट्टा मात्र तरीही घ्याच, खिडकीच्या कोपऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आतून कपाटं, टीव्ही वगैरे टांगायचं असेल तर एएसीसाठी लांब नायलॉनचे प्लग मिळतात, तेच लावा.

कन्हानकाठ:

एक राहिलं. तुमच्या भिंती मार्च-एप्रिलात येतीन असं दिसते. त्या दिवसांत दोन वेळा पाणी मारून भागत नाही. कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं, बहुतेक राखेचं) असंन तर उन्हाळ्यात काँक्रीटला 14 दिवस तराई पाहिजे, आयएस 456 मध्येही तेच आहे. टँकरचं अन् बोअरच्या पाण्याचं आतापासून ठरवून ठेवा, मार्चमध्ये बेसा-बेलतरोडीकडे टँकर वेळेवर भेटत नाही.