रेडिंगजवळ लोअर अर्लीमध्ये घर घेतोय : पुण्यातला वाटा आणि स्टॅम्प ड्यूटी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लोअर अर्लीमधल्या एका घरासाठी आमची ४,३५,००० पौंडांची ऑफर मान्य झाली आहे. तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, फ्रीहोल्ड, १९८४ सालचं बांधकाम. इथे ऑफर मान्य झाली म्हणजे व्यवहार पक्का होत नाही. सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, म्हणून त्याआधीच विचारतोय.

भाग माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वसवलेली ही वस्ती आहे. पत्ता रेडिंगचा असला तरी कौन्सिल वोकिंगमचं. मध्यभागी अॅस्डा सुपरमार्केट, २१ नंबरची बस युनिव्हर्सिटीवरून रेडिंग स्टेशनला जाते आणि तिथून फास्ट ट्रेनने लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन अर्ध्या तासाच्या आत. गल्ल्या पुढे बंद होणाऱ्या, त्यामुळे मुलं रस्त्यावर सायकल चालवतात. बायकोला आणि मला हा भाग मनापासून आवडलाय. भाड्याच्या घरात बरीच वर्षं काढल्यावर स्वतःच्या दारासमोर कढीपत्त्याची कुंडी ठेवायची इच्छा आहे, मग हिवाळ्यात ती आत न्यावी लागली तरी चालेल.

आता मुख्य अडचण. बाबा २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई, भाऊ आणि मी असे तिघे समान वारस. सोसायटीच्या कागदांवर अजून बाबांचंच नाव आहे. आई तिथेच राहते. फ्लॅटची किंमत दीड कोटीच्या आसपास सांगतात, म्हणजे माझा वाटा पन्नास लाखांचा.

सॉलिसिटरच्या (घराचे कागद करणाऱ्या वकिलाच्या) फॉर्मवर प्रश्न आला : जगात कुठेही तुमच्या मालकीचं घर किंवा घरातला वाटा आहे का? मी खरं ते लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर असं की वाटा ४०,००० पौंडांहून कमी असता तर वेगळी गोष्ट होती, पण तो त्यापुढे जात असेल तर हे घर 'दुसरं घर' धरलं जाईल आणि संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी लागेल. हिशेब असा :

नेहमीच्या दराने ११,७५० पौंड.
जादा दर लागला तर ३३,५०० पौंड.
पहिलंच घर म्हणून सवलत मिळाली असती तर ६,७५० पौंड.

ज्या फ्लॅटचं एक रुपया भाडं येत नाही, ज्यात आई राहते, त्यापायी २१,७५० पौंड जादा भरायचे! डिपॉझिटसाठी साठवलेल्या पैशांचा मोठा घास जाईल.

माझे प्रश्न :
१. वारसानोंद झालेली नाही, तरी वाटा धरतात का?
२. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर? तिच्या नावावर कुठेही काही नाही.
३. आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं तर चालेल का? भाऊ तयार आहे. मला मात्र आईचं मन सांभाळायचंय. बाबांच्या मागे लगेच मुलाने घरातलं नाव काढून घेतलं असं तिला वाटू नये.
४. थोडं वेगळं : सर्व्हेमध्ये छतावरच्या आर्टेक्सबद्दल लिहिलंय. हॉलच्या छताला पंख्यासारखी नक्षी आहे, जाड पांढऱ्या थराची. आणि मागची कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) आणि स्वयंपाकघर यांमधलं दार विकणाऱ्यांनी काढून टाकलंय. ते इन्शुरन्स काढून देतो म्हणतात. कितपत काळजी करावी?

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया लिहावं.

वाटसरू :
आम्ही याच चक्रातून गेलो, आमचं गणित नाशिकच्या बंगल्याचं होतं. नोंद झाली नाही म्हणून वाटा नाही, असं धरून चालू नका. मृत्युपत्र नसेल तर हक्क वारसा कायद्यानेच येतो, सोसायटीचा कागद मागाहून. वारशाने आलेला अर्ध्यापर्यंतचा वाटा पहिली तीन वर्षं जादा दरासाठी मोजत नाहीत, पण तुमची ती मुदत टळली आहे.

फक्त बायकोच्या नावाने घेऊन जादा दर टळत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या दरासाठी एकच धरतात. मात्र आधी हक्कसोडपत्र झालं, तर ताब्याच्या दिवसअखेर तुमच्याकडे दुसरं घर उरत नाही आणि जादा दर जातो. तरी तुम्हाला स्वतःला पहिल्या घराची सवलत नाही, कारण वाटा एकदा मालकीत येऊन गेला. ती सवलत सगळ्या खरेदीदारांना लागू व्हावी लागते. इथे बायकोचं नाव कामाला येतं : वाटा सोडलेला असेल आणि खरेदीदार एकटी तीच असेल, तर सवलतीचा दावा करता येतो. कर्ज दोघांच्या उत्पन्नावर आणि मालकी एकाची, अशी मॉर्गेजही मिळतात. पण घरात तुमचा पडद्यामागचा हिस्सा असेल तर हे टिकत नाही, म्हणून सॉलिसिटरकडून लेखी सल्ला घ्या.

धागाकर्ता :
खूप आभार. म्हणजे ३३,५०० आणि ६,७५० मधलं अंतर एका कागदावर आहे. पुण्याला जाणं होणार नाही, मुखत्यारपत्र पाठवावं लागेल. आधी जादा कर भरून द्यायचा आणि हक्कसोड नंतर करायची, मग परतावा मागायचा, असं होतं का?

सोनचाफा :
तो परतावा आधीच्या राहत्या घरासाठी असतो, म्हणजे गेल्या तीन वर्षांत तुम्ही जिथे राहत होतात ते घर विकलंत तर. तुम्ही इतकी वर्षं भाड्याने राहताय, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. ताब्याआधीच नोंदणी व्हायला हवी. मुखत्यारपत्र, साक्षांकन, कुरिअर आणि दुय्यम निबंधकाकडची तारीख, सगळं धरून ताब्याची तारीख ठरवा. आणि आईंना नुसता कागद पाठवू नका, भावाला शेजारी बसवून फोनवर सांगा की घर आता पूर्ण त्यांच्या नावे होतंय. माझ्या आईला हे असं मांडल्यावर उलट आधार वाटला.

आर्टेक्सचं : त्या काळच्या थरात अॅस्बेस्टॉस सापडतं. न घासता, न फोडता ठेवलं तर धोका कमी. छतात दिवे बसवायचे असतील तर आधी नमुना तपासून घ्या. कन्झर्व्हेटरीचं जास्त मनावर घ्या. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दर्जाचं दार वेगळं ठेवतं म्हणूनच तिला बांधकामाच्या नियमांतून (बिल्डिंग रेग्युलेशन्स) सूट असते. दार काढलं की ती सूट जाते. इन्शुरन्स कौन्सिलच्या कारवाईपुरता असतो, गारठा आणि गॅसचं बिल तुम्हीच भरणार. कौन्सिलला तुम्ही विचारलंत तर तो इन्शुरन्सही मिळत नाही, तेव्हा आधी सॉलिसिटरशी बोला. मी असते तर विकणाऱ्यांना ताब्याआधी दार परत बसवून द्यायला सांगितलं असतं.

आणि घर लोअर अर्ली वे या रस्त्याच्या बाजूला असेल तर नैऋत्येचा वारा असलेल्या संध्याकाळी जाऊन मागच्या अंगणात उभे राहा, एम-४ मोटरवेचा आवाज कळेल. लॉडन नदीकडच्या उताराला असेल तर पुराचा नकाशाही पाहा.